वरच्या खोलीतला दिवा

आईबाबांचं विजेचं बिल कमी व्हावं म्हणून मुलानं त्यांच्या घरातले दिवे, पंखे, गीझर सगळं आपल्या फोनला जोडून घेतलं. कुठे काय चालू आहे, ते त्याला दूरच्या शहरात ऑफिसात बसून दिसायचं. आणि रोज भर दुपारी बघावं, तर वरच्या रिकाम्या खोलीतला दिवा चालू!

तो वैतागून फोन लावायचा. "आई, वर कोण बसलंय?"

"अगंबाई, राहिला वाटतं! करते हं बंद. तू जेवलास का?"

"माझं जेवण राहू दे! एवढं सगळं बसवलंय ते काय शोभेला?"

"बरं बाबा, चुकलं. खोकला कसा आहे तुझा?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं. शेवटी त्यानं सेटिंगच बदललं. आता तो दिवा लागला, की लगेच आपोआप विझणार. रोजची कटकट मिटली, सुटलो एकदाचा, असं त्याला झालं.

दोन आठवडे सुखात गेले. मग एका दुपारी बाबांचा फोन आला. "अरे, वरच्या खोलीतला दिवा पहिल्यासारखा करून दे."

"आता त्याला काय झालं?" तो चिडलाच.

 

"तुझी आई गुडघे धरत रोज वर जाऊन तो लावून येते, आणि संध्याकाळपर्यंत फोनपाशी बसून राहते."