दहा मिनिटं

विद्यापीठाच्या स्टुडिओत बाबा माइकसमोर बसले होते. पत्रकारितेच्या वर्गाला मुलाखतीचा सराव हवा, म्हणून मॅडम दरवर्षी आपल्याच वडिलांना घेऊन यायच्या. चाळीस वर्षं वर्तमानपत्राच्या छापखान्यात काढलेला माणूस. बोलायला लागला की थांबायचा नाही. पण मुलाखत दहाच मिनिटांची, हा मॅडमचा नियम. काचेच्या अलीकडे त्या स्वतः घड्याळ धरून बसायच्या.

यंदा प्रश्न विचारणारी मुलगी चुणचुणीत होती. दहावं मिनिट संपत आलं तेव्हा तिनं विचारलं, "आजोबा, मॅडमनी पेपरची नोकरी सोडली आणि इथे शिकवायला आल्या. तुम्हाला काय वाटलं?"

मॅडमनी मान वर केली. बारा वर्षांत घरात हा विषय कोणी काढला नव्हता.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "खरं सांगू का पोरी..."

मॅडमनी बटण दाबलं. पलीकडच्या खोलीत त्यांचा आवाज उमटला. "बाबा, वेळ संपली."

"बरं," बाबा लगेच म्हणाले. मग त्या मुलीकडे वळून, "बातमी लांबली की आम्ही तिचं शेपूट कापायचो. आता लेक बापाचं कापते."

सगळे हसले. मॅडमही.

घरी जाताना विचारता आलं असतं. पण बाबांचा गाडीतच डोळा लागला, आणि रात्री पेपर तपासायचे होते. सकाळी त्या चहा घेऊन गेल्या, तेव्हा बाबा उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी मॅडम विभागात आल्या. ती मुलगी दाराशी घुटमळत होती. त्या दिवशी दहा मिनिटांनंतरही तिनं रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं. नियम मोडला म्हणून तिनं माफी मागितली, पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि गेली.

मॅडम स्टुडिओत एकट्याच ऐकत बसल्या. खरं सांगू का पोरी. बाबा, वेळ संपली. बरं. शेपूट. हसणं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, बाबांचा खोकला, दार. त्यापुढे नुसती खोली.

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती. मॅडमनी बटण दाबलं, बराच वेळ दाबून धरलं.

"बोला ना बाबा," त्या म्हणाल्या. "वेळ आहे."