मॉस ग्रीन ऑम्निबसचा ड्रमर

मिसेस क्रॅडॉक रस्ता ओलांडताना दिसल्या, तशी डेस्मंड टेटलोने दुकानाची पाटी घाईघाईने ‘बंद’ अशी फिरवली. बाईंची ही तिसरी खेप. त्यांनी काच ठोठावली, आणि ठोठावतच राहिल्या. शेवटी त्याने दार उघडलं.

“आज रिकाम्या हाताने जाणार नाही मी,” आत येताच त्या म्हणाल्या. सत्तरी उलटलेल्या. वॉल्सॉलहून दोन बस बदलून आलेल्या. “माझ्या रेमंडबद्दल आणखी काहीतरी सांगा.”

इंग्लंडमधल्या स्टॉरब्रिज गावातल्या या दुकानात जुन्या रेकॉर्डी विकता विकता डेस्मंड एक छोटं मासिक काढायचा. सदुसष्ट-अडुसष्ट साली एखादीच रेकॉर्ड काढून विरून गेलेल्या बँडांवर तो जीव ओतून लिहायचा. कारखान्यातली पोरं ती. सहा महिने मखमली कोट घालून मिरवली, उलट्या फिरवलेल्या टेपांवर रंगीबेरंगी स्वप्नांची गाणी गायली, आणि मुकाट पुन्हा कारखान्यात गेली. पंचवीस वर्षांनी डेस्मंडसारख्या चार वेड्यांनाच ती आठवत होती. गेल्या अंकात ‘मॉस ग्रीन ऑम्निबस’ या बँडवर चार पानं आली होती. ड्रमर : रेमंड क्रॅडॉक, वय एकवीस.

“मला माहीत होतं तेवढं लिहिलं हो.”

“लिहिणाऱ्याला जास्तच माहीत असतं.” बाईंनी अंक काढला. घड्यांवर फाटलेला. न उघडताच त्या म्हणू लागल्या, “‘ऑर्गन धुक्यासारखा पसरतो, आणि त्यातून क्रॅडॉकचे ड्रम्स येतात, जिना धडाधडा उतरणाऱ्या पोरासारखे.’ तस्साच उतरायचा तो! किती ओरडायचे मी. आणि एक दिवस गेला. त्यानंतरचं मला काही म्हणजे काही माहीत नाही.”

डेस्मंडने किटलीकडे हात नेला. “चहा ठेवू?”

“चहा नको मला!” त्यांनी काउंटर घट्ट धरलं. “केस वाढवले होते का त्याने? कुणी मुलगी होती का? खोटं नाही सांगत, रात्ररात्र डोळा लागत नाही. दोन ओळी सांगा. पाया पडते तुमच्या.”

डेस्मंडला ते बघवेना. आधीच्या दोन्ही वेळा त्याने काहीबाही सांगून त्यांना वाटेला लावलं होतं. आज तेही जमेना.

“बाई, बसा. नाही, उभ्याच राहा. असा बँडच नव्हता.”

बाईंनी अंक काउंटरवर ठेवला.

“अंक छापायला जायचा होता, चार पानं कोरी होती. मी रचलं सगळं. गाणी, पोरं, सगळं. नावं तेवढी... वॉल्सॉलच्या दफनभूमीत एका दुपारी हिंडताना थडग्यांच्या दगडांवरची उतरून घेतली होती. तारखा बघितल्या नाहीत. त्यांच्या घरचं कुणी हे वाचेल असं वाटलंच नाही. माफ करा मला.”

आता त्या रडतील किंवा थोबाडीत मारतील, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या.

“ते मला पहिल्याच दिवशी कळलं,” त्या म्हणाल्या. “तो दगड मीच बसवलाय. सहा वर्षांचा होता माझा रेमंड. तुमच्याकडे तो एकवीस वर्षांचा झालाय. आता सांगा, बाविसाव्या वर्षी काय केलं त्याने?”