चार बोटं पाणी

केसरबाईच्या पत्राला आप्पांनी उत्तर दिलं नव्हतं. शिरूर कासारकडच्या वस्तीवरून तिचं कार्ड येऊन पंधरवडा उलटला होता. बहिणीनं ते कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, पण बोलणं तिचंच होतं : "दादा, कारखान्याचा टँकर हप्त्याला एकदा वस्तीवर येतोय, त्याच्यावर म्हैस जगली हाय. पावसापोतर येत राहील का? येणार आसल तर ठेवते. न्हाईतर आत्ताच कुणाला तरी देते, अजून तिच्या अंगावर मांस हाय. तू कारखान्यात हाईस. तू सांगशील तसं करते."

आसारामआप्पा सहकारी साखर कारखान्याचं वाचनालय सांभाळत. ऐकीव गोष्ट लिहून द्यायची त्यांना भीती वाटे. दोघातिघांना विचारलं, तर सगळे म्हणाले, येईल की. पण 'येईल की' म्हणजे खात्री नव्हे. कोरं कार्ड खणातच राहिलं.

आज सकाळी त्यांना गेस्टहाउसवर बोलावणं आलं. पोहण्याच्या तलावाचा तळ झाडणारं यंत्र बंद पडलं होतं. ते लांब नळीच्या टोकाला असे. पंप नळीतून पाणी ओढी, आणि त्या ओढीनं ते गाळ खात तळावरून रांगे. सगळे त्याला कासव म्हणत. दुपारी मुंबईचे पाहुणे यायचे होते आणि कासव कोपऱ्यातून हलत नव्हतं. त्याचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून आप्पा.

"उपास धरलाय त्यानं," पंपावरचा सटवा म्हणाला. "आप्पा, तुमी पोथी वाचा, म्या नारळ फोडतो."

आप्पांनी पुस्तकातल्या क्रमानंच पाहिलं. पंपाची जाळी काढायला लावली. ती साफ होती. कासव उलटं केलं. पोटात काही अडकलेलं नव्हतं. नळीचे तुकडे एकेक करून तपासले. कुठं चीर नव्हती. मग त्यांना आवाज ऐकू आला. काठाच्या भिंतीत एक चौकोनी तोंड होतं. पंप तिथूनच पाणी ओढायचा. ते उघडं पडलं होतं आणि गुळुकगुळुक हवा गिळत होतं.

तेवढ्यात चेअरमन मोहनराव आले, मागं चारपाच माणसं. "काय आप्पा? इंजिनिअर हात टेकून गेला. तुमी वाचणारी माणसं. तुमीच सांगा, कावून चालंना हे?"

सगळे आप्पांच्या तोंडाकडे बघत होते. असं कधी होत नसे.

"कासव ठीक आहे, साहेब. पाणी चार बोटं खाली गेलंय. पंप पाण्याऐवजी हवा ओढतोय."

"मंजी पाणी टाकलं की झालं?"

हो म्हणून थांबता आलं असतं. पण आज आवाज खणखणीत निघाला होता, आणि तो आप्पांना आवडला होता. "एकदा टाकून भागणार नाही. या उन्हात पाणी रोज उडतं. पाऊस पडेपर्यंत आठवड्याला एक टँकर टाकावाच लागेल."

"वा!" मोहनरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "सटवा, भरलेला टँकर हाय का कोणता?"

"शिरूर कासारकडच्या वस्तीचा हाय, साहेब. निघायलाच लागलाय."

"तिथं आपले सभासद किती?"

"दोनच घरं."

"मग वळीव इकडं. पाऊस पडंस्तोवर इकडंच येऊ दे."

आप्पांनी तोंड उघडलं. "साहेब, तिकडं..." पण मोहनराव पाहुण्यांच्या जेवणाकडे वळले होते.

टँकर आला. पाणी चार बोटं चढलं. पंपाची गुळगुळ थांबली, कासव जरासं थरथरलं आणि रांगायला लागलं. "चाललं बे, चाललं!" सटवा ओरडला. लोक हसले. आप्पाही हसले. ते हसू मिटायच्या आत त्यांना केसरबाईच्या वस्तीवर रिकामे हंडे मांडून बसलेल्या बाया दिसल्या.

वाचनालयात येऊन त्यांनी कार्ड काढलं. 'टँकर नादुरुस्त झाला आहे, असे समजते,' असं लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं. टँकर वाचवायला मोहनरावांपुढं एकही खोटं सुचलं नव्हतं, बहिणीसाठी मात्र ते आपसूक उतरलं होतं.

त्यांनी कार्ड फाडलं आणि दुसरं घेतलं. या वेळी अक्षर वेडंवाकडं आलं. ते त्यांनी परत वाचलं नाही, उन्हातच गेटपर्यंत चालत गेले आणि लाल पेटीत टाकून दिलं.

'केसर, म्हैस आत्ताच देऊन टाक. टँकर आता येणार नाही. तो पोहायच्या तलावाला लावलाय. मी सांगितलं म्हणून.'