डिंकाची बाटली

शाळेला नवी व्हायोलिनं मिळावीत म्हणून भर उन्हाळ्यात मैदानावर वाद्यवृंदाची मैफल ठेवली होती. पाहुण्या वादकांनी आपली महागडी वाद्यं उन्हात काढायला नकार दिला. त्यांनी शाळेचीच, डिंकाने चिकटवलेली व्हायोलिनं उचलली आणि अशी वाजवली की मुख्य देणगीदार डोलायला लागले. "अहो मास्तर, वाद्यं तर झकास आहेत! नवी कशाला?" म्हणत त्यांनी उघडलेलं चेकबुक मिटलं. वीस वर्षं डिंक लावून थकलेल्या मास्तरांनी शेवटचा उपाय म्हणून वर्गातल्या 'करकर'ला पुढे ढकललं. हे नाव तिने व्हायोलिनवर स्वतः कमावलं होतं. "वाजव गं बाई, रोजच्यासारखं." तिने डोळे मिटले, गज टेकवला आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच सुरात वाजवलं. चेकबुक खिशात गेलं. "मास्तर, चुकलं का?" तिने घाबरून विचारलं. मास्तरांनी डिंकाची बाटली उघडली. "नाही गं. वाजव पुन्हा."