दारावरचा टॉवेल

सदाशिव पेठेतल्या त्या दहा फुटी घरात माणसं सात आणि मोरी एक. दारावर टॉवेल दिसला, की आत कोणीतरी आहे असं समजायचं. बहुतेक वेळा तो टॉवेल आमोदचाच असायचा.

कंपनीने अमेरिकेला पाठवल्यावर त्याने जिन्याखाली एक छोटी बाथरूम बांधून घेतली. "आम्ही आलो की कोणाचा खोळंबा नको, आई." बाथरूम झाली, तोवर घरात पद्मजाबाई एकट्याच उरल्या होत्या.

आज नव्या बाथरूमचा नळ गळतो म्हणून प्लंबर आला. दार लोटलेलं आणि वर टॉवेल. तो थबकला. "आंघोळीला गेलंय का कोणी? थांबतो मी, आजी."

टॉवेल त्यांनीच टाकला होता. रोज सकाळी टाकायच्या.

"मुलगा आहे. बसा, चहा टाकते. त्याला वेळच लागतो."

चहा संपला. प्लंबर हातातल्या पान्ह्याशी चाळा करत घड्याळाकडे बघू लागला. तशा पद्मजाबाई उठल्या आणि त्यांनी दारावर जोरात थाप मारली.

"आमोद, आटप रे! अख्खं घर खोळंबलंय."