नुसतं बघायचं काम

"फक्त माझ्या तोंडाकडे बघत रवा, बाबा," गौरजा म्हणाली. "खंय पांढरा दिसला म्हणजे कातडी भाजता, लगेच सांगा. मोबाईल वाजायची वाट बघू नकात."

"माका काय कळता त्यातला?" सत्यवान म्हणाला. "उद्या अक्का येतली ना? उद्या कर."

"नको. आज तुमी बसा. कळाक काय होया? आंब्याच्या पानार करपो पडलो तर तुमका गडग्यापलीकडून दिसता."

ती हसली. तो हसला नाही. मागच्या पडवीत ट्यूबलाइटखाली ती स्टुलावर बसली होती. डोळ्यांच्या कडांना, ओठांना, नाकपुड्यांना तिने व्हॅसलीन लावलं होतं. बाजूला पाण्याची बादली, मग आणि मऊ फडका. मांडीवर औषधाची छोटी बाटली.

जामसंड्याच्या मेडिकल दुकानात ती कामाला होती. चेहऱ्याची वरची कातडी काढणारी असली औषधं बायका मोबाईलवर मागवायच्या, मनाला येईल तशी लावायच्या आणि भाजलेलं तोंड घेऊन मलम मागायला यायच्या. गौरजाने तसं केलं नव्हतं. कुडाळच्या त्वचेच्या डॉक्टरांना विचारून तिने सगळ्यात सौम्य औषध आणलं होतं. आधी कानामागे थेंब लावून दिवसभर थांबली होती. दोन खेपांमध्ये ती महिना जाऊ द्यायची. उन्हात ओढणीशिवाय पाऊल टाकत नसे. सुटणारी साल कधी ओढून काढली नाही. दर खेपेला शेजारची अक्का समोर बसून लक्ष ठेवायची. आज अक्का लेकीकडे वैभववाडीला गेली होती.

"आजची शेवटची खेप," गौरजा म्हणाली. तिने कापसाने औषध लावलं, वेळेचा गजर लावून मोबाईल त्याच्यासमोर ठेवला आणि डोळे मिटले.

सत्यवानने बघितलं. मिटलेल्या पापण्यांपर्यंत त्याची नजर गेली आणि तिथूनच मागे फिरली.

त्याच्या बायकोला, नर्मदेला, इस्पितळातून घरी आणलं, तोंडावरची चादर बाजूला केली, तेव्हा तिचे डोळे असेच मिटलेले होते. डाव्या गालावर वांगाचा डाग. गौरजाच्या वेळी गरोदरपणात आलेला तो जन्मभर राहिला. नर्मदा गेली आणि काही महिन्यांत तसाच डाग पोरीच्या डाव्या गालावर उमटला. तेव्हापासून सत्यवान जेवताना ताटात बघायचा. तिने हाक मारली तर अंगणाकडे बघून ओ द्यायचा. पोरीच्या ते ध्यानात येत नसेल, असं त्याला वाटायचं.

तो मोबाईलवरचे आकडे बघत बसला. मग बादलीतल्या पाण्याकडे.

"बाबा, उजव्या गालार आग होता. पांढरा पडला काय?"

"नाय गो," तो बादलीकडे बघत म्हणाला.

"खरा?"

"खरा."

तिने विश्वास ठेवला. हात गुडघ्यांवर आवळून ती तशीच बसून राहिली.

मोबाईल वाजला. गौरजाने तोंडावर पाणी मारलं आणि आरसा उचलला. उजव्या गालावर, दुपारी डास चावला म्हणून खाजवलं होतं तिथे, रुपयाएवढा पांढरा चट्टा उठला होता. कडेने लालभडक.

सत्यवान धडपडत उठला. अंगावर पित्त उठो नाहीतर काही चावो, नर्मदा कोकमाचं आगळ लावायची. तो स्वयंपाकघरात धावला. बाटली तळहातावर उपडी करत परत आला.

"आंबट नको, बाबा! आणखी भाजतला. पाणी घाला, नुसता पाणी!"

आगळाने लाल झालेला हात लांब धरून तो दुसऱ्या हाताने मगाने पाणी घालत राहिला. बादली संपली. त्याने दुसरी भरली.

"तुमी बघीतच नव्हतात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

तो चिडला. "कित्याक करतस गो ह्या सगळा? कोण काय बोललो तुझ्या तोंडाक?"

"कोण नाय बोललो."

"मगे?"

"आई गेल्यापासून तुमी माझ्याशी बोलतास ता भिंतीकडे बघून. माका वाटला, आईसारखो डाग आसा म्हणान बघवत नसात. तो गेलो तर बघशात."

पाणी तिच्या हनुवटीवरून कुडत्यावर गळत होतं. सत्यवानने आगळ न लागलेला हात तिच्या हनुवटीला लावला आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. त्याने तिचा डावा गाल नीट बघितला. गाल स्वच्छ होता. तिथे कसली सावलीसुद्धा नव्हती.

"ह्यो डाग कधी गेलो?"

"शिगम्यातच गेलो."

शिमगा होऊन दोन पावसाळी नक्षत्रंही सरली होती. एवढे दिवस तो नसलेल्या डागाला चुकवत होता.

"मगे आज कित्याक लावलंस?"

गौरजाने ओला फडका उजव्या गालाला धरला. "अक्का नाय होती," ती म्हणाली. "म्हटला, आज तरी तुमी समोर बसून बघशात."

त्याचा हात तिच्या हनुवटीवर तसाच राहिला. दुसऱ्या हाताने त्याने फडक्याकडे बोट केलं.

"आणि ह्यो?"

"ह्यो काळो पडतलो. कदाचित रवतलो."

नर्मदेचा डाग गेला होता. हा त्याचा स्वतःचा होता.