सालबाईचा तह

"सालबाईच्या तहाने पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली," जमीलने सांगितलं, आणि गोरक्षचा टाक कागदावर थबकला.

तह वसईचा होता. सालबाईचा नव्हे. महिन्याभरापूर्वी हाच धडा गोरक्षने त्याला नदीकाठी बसून वाचून दाखवला होता, आणि तेव्हा जमीलने तो बिनचूक म्हणूनही दाखवला होता. आज ऐन पेपरात नाव घसरलं.

कॉलेजच्या माडीवरच्या लहान खोलीत ते दोघे बसले होते. इंटरची बाकीची मुलं खालच्या दालनात इतिहासाचा पेपर सोडवत होती. जमीलची नजर लहानपणी देवीत गेली, म्हणून त्याला वेगळी खोली आणि लेखनिक मिळाला होता. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, असा दंडक. सायखेड्याचा गोरक्ष फर्स्ट इयरला पहिला होता, कॉलेजच्या सेवा पथकाचा नायक होता, आणि तो आपणहून पुढे आला होता. प्राचार्यांनी भर सभेत त्याची पाठ थोपटली होती.

देखरेखीला बसलेले मास्तर खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. गोरक्षने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, टाक दौतीत बुडवला आणि 'वसई' लिहून टाकलं. पुढे त्या उत्तरात सालबाई पुन्हा आली, तेव्हाही त्याने वसईच लिहिलं. मनाला काही टोचलं नाही. उलट बरंच वाटलं. मागच्या उन्हाळ्यात दिंडोरीकडच्या एका गावात पाण्यातून नारूचा रोग पसरला, तेव्हा पथक बारव उपसायला गेलं होतं. गाळात उतरला गोरक्ष, पोहरे भरले गोरक्षने. वर उभी असलेली पोरं म्हणाली होती, "हा असला की आम्हाला कामच उरत नाही." त्याने ती शाबासकी समजून घेतली होती.

वेळ संपत आली तशी जमीलने शेवटचं उत्तर वाचून दाखवायला सांगितलं. गोरक्ष हलक्या आवाजात वाचू लागला. वसईच्या तहाशी आला आणि तसाच पुढे गेला.

"थांब," जमील म्हणाला. "मी काय सांगितलं होतं?"

"सालबाई."

"मग?"

"चुकत होतं, जमीलभाई. मी नीट करून घेतलं."

बाकाच्या कडेवरून जमीलची बोटं फिरत राहिली. मग त्याने, मास्तरांना ऐकू जाणार नाही इतक्या बेताने, ते खोडून सालबाई लिहायला सांगितलं.

"पण बरोबर हाय ते," गोरक्षच्या तोंडून गावची बोली निसटली. घाबरला की ती यायचीच.

"बरोबर आहे, आता मलाही आठवलं. पण मला ते तू सांगितल्यावर आठवलं." जमीलचा आवाज चढला नव्हता. "मी पास झालो तर गावभर म्हणतील, गोरक्षने आंधळ्याला पास केलं. निदान चुका तरी माझ्या मला करू दे."

गोरक्षचे कान तापले. असं त्याला कुणी कधी बोललं नव्हतं. आणि बोलणारा रागावलेलाही नव्हता, म्हणून उलटून काही म्हणायची सोय नव्हती.

त्याने टाक उचलला. मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. जमील मान किंचित कलती करून नीबच्या आवाजाची वाट पाहत होता. शेजारी टीपकागद पडलेला होता. त्याच्यावर दोन रेघा ओढल्या असत्या, तरी आवाज तोच आला असता. वसई राहिली असती, गुण राहिले असते, आणि ही गोष्ट जगात एकट्या गोरक्षला माहीत असती. टाक टीपकागदाच्या वर गेलाही.

तिथून तो परत उत्तरपत्रिकेवर आला. गोरक्षने वसईवर आडवी रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात सालबाई लिहिलं. मग खाली शोधून दुसरी वसई खोडली. खरं उत्तर खोडताना हात इतका जड होतो, हे त्याला माहीत नव्हतं.

"झालं?" जमीलने विचारलं.

"झालं."

जमीलने पुन्हा वाचायला सांगितलं नाही. घंटा झाली. मास्तर उठले आणि पेपर घेऊन गेले.

जिन्याशी आल्यावर जमीलचं कोपर धरायला गोरक्षचा हात सवयीने पुढे झाला आणि मध्येच थांबला. जमीलने कठडा चाचपला, पहिली पायरी पायाने पाहिली आणि उतरू लागला. गोरक्ष एक पायरी मागे राहिला. उतरायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

खाली पथकातला धोंडीराम उभा होता. रविवारी पुन्हा बारवेवर जायचं होतं. गाळात कोण उतरणार आणि वर कोण राहणार, ते त्याला विचारायचं होतं. उत्तर गोरक्षच्या ओठांवर तयार होतं. ते त्याने गिळलं.

"तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "मला कुठे उभं करायचं तेही सांगा."

धोंडीराम बावचळून त्याच्याकडे पाहतच राहिला. जमील मात्र हसला आणि हात पुढे करून त्याने गोरक्षचा खांदा शोधला.

"उद्या अर्थशास्त्र," तो म्हणाला. "त्यात मी पुष्कळ चुकणार आहे. नवं नीब आण."